आधीचा फोटो, नंतरचा फोटो

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. आठवलं की आधी वास येतो, मग माणसं आठवतात. हिरवं तेल होतं ते. मरवा आणि रॉकेल एकाच डब्यात ठेवल्यावर येईल तसा वास. आज मला वाचायला चष्मा लागतो, ऐकायला यंत्र लागतं, पण नाक मात्र अजून नोकरीत आहे.

नावं कुणाचीच सांगत नाही. तेलाचंही नाही. बोलणी सगळी तमिळमध्ये झालेली, ती मी आमच्या घरच्या मराठीत आणते आहे. चुकलं तर तंजावूरच्या पाण्याला दोष द्या.

बाजार नुकता खुला झाला होता ती वर्षं. तंजावूरच्या गच्च्यांवर डिश बसायला लागल्या होत्या, शांपू पुडीत मिळायला लागला होता, आणि जो कालपर्यंत खत विकत होता तो आज सौंदर्य विकत होता. टाउन बसच्या पाठीवर एक पोस्टर फिरायचं. डावीकडे टक्कल असलेली बाई, खाली लिहिलेलं ‘आधी’. उजवीकडे तीच बाई आरशाशेजारी बसलेली, आरशात तिची फुलांनी गुंफलेली वेणी, जाड आणि लांबलचक. खाली ‘नंतर’. रोगाने गेलेले केस सहा महिन्यांत परत, हमखास. अमेरिकन पद्धत, तंजावूरच्या वनस्पती.

मी तेव्हा नवी सब-इन्स्पेक्टर. नव्याने निघालेल्या महिला पोलीस ठाण्यात माझी नेमणूक झाली होती. ती पोरगी आज मला रस्त्यात भेटली, तर मी तिला बाजूला घेऊन दोन शब्द सुनावीन. गणवेशाला एवढी खळ, की बसताना कापडाचा आवाज व्हायचा. डोळ्यांवर काळा गॉगल, तो ठाण्यातही. पायऱ्या चढताना मागे कुणीतरी वाद्यं वाजवत असल्यासारखी चाल. आणि टोपीखाली केस दिवसेंदिवस विरळ होत चाललेले. ते कुणाला कळू नये म्हणून मी काय काय करायची ते माझं मलाच ठाऊक. म्हणजे, मला तसं वाटायचं.

ठाण्यातली खरी सत्ता हेड कॉन्स्टेबलची होती. हेड कॉन्स्टेबल बाईला आमच्याकडे एट्टम्मा म्हणतात. ही एट्टम्मा माझ्या आईच्या वयाची. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, बाकावर बसलेल्या बायांपैकी कुणाला आधी आत घ्यायचं आणि कुणाला आधी कॉफी पाजायची, सगळं तिच्याकडे. ती कुणावर ओरडायची नाही. फक्त चष्म्यावरून बघायची.

एके सकाळी महिला कॉलेजातल्या एक प्राध्यापिका आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. खुर्चीत बसल्या, पदर काढला. डोक्यावर ठिकठिकाणी केस गेलेले, कातडी लाल, सोललेली.

“तेलाने झालं,” त्या म्हणाल्या. “मी ग्राहक मंचात दावा लावला. कंपनीच्या वकिलाने त्या पोस्टरवरच्या बाईलाच उभी केली. तिने शपथेवर सांगितलं, दोन्ही फोटो माझेच, टक्कल होतं, तेलाने केस आले. आता कंपनीने माझ्यावरच अब्रुनुकसानीचा दावा लावलाय. माझी फसवणुकीची फिर्याद लिहून घ्या.”

“तुम्ही वनस्पती शिकवता, आणि तुम्हीसुद्धा?” एट्टम्माने विचारलं. कुचकेपणाने नाही, खरंच.

“बाटलीवर पानं छापली होती हो,” प्राध्यापिका म्हणाल्या. “पानं बघितली की मी फसते.”

त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. “ही बघितली आहे का कधी?”

“नाही,” मी म्हटलं.

एट्टम्मा खोकली. तशीच बाटली माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती, अर्धी संपलेली. रोज दुपारी सगळ्या जेवायला गेल्या की मी लावायची. वासाचा मला पत्ताच नव्हता, कारण रोजचं झालं की आपला वास आपल्याला येत नाही. पंचनामा करताना एट्टम्माने पेन थांबवलं आणि हळूच विचारलं, “अम्मा, मुद्देमालात बाटली एक लिहू की दोन?”

मी गॉगल घातला आणि म्हटलं, “एक.”

गुन्हा नोंदवला. चारशेवीस. तपास माझ्याकडे. आम्ही ओरत्तनाडूच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या भातगिरणीत गेलो. तिथे तेल भरायचं काम चालायचं. मालक पांढऱ्या वेष्टीतला, म्हणजे आपल्याकडच्या धोतरातला गृहस्थ, अतिशय नम्र. आम्हाला कॉफी मागवली, स्वतः पंखा आमच्याकडे वळवला. पिंपातून नमुना घेताना मध्ये आला नाही, उलट बाटल्या पुसून दिल्या.

“घेऊन जा, अम्मा. मद्रासच्या लॅबला पाठवा,” तो म्हणाला. “लॅबमध्ये तेल तपासतील, पण अनुभव कसा तपासतील? अनुभव इथे जिवंत बसलाय.”

आणि त्याने हाक मारली. खाली बसून बाटल्यांना लेबलं चिकटवणाऱ्या बायांतून एक उठून आली. पोस्टरवरची बाई. तिशीची असेल. पाठीवर कमरेखाली जाणारी वेणी. तिने हात जोडले, आणि वकिलाने पढवावं तसं सगळं घडाघडा सांगितलं. रोग झाला. केस गेले. तेल लावलं. केस आले.

परत येताना जीपमध्ये मी एट्टम्माला म्हटलं, “खोटी वेणी आहे. गंगावन.”

“कशावरून?”

“मला कळतं.”

कळायलाच हवं होतं. गंगावनाच्या बाबतीत जिल्ह्यात माझ्याइतकी जाणकार बाई नसेल. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी तिला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. ती आली ती मुलीला घेऊन. मुलगी पहिलीतली, शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्ये, दोन शिंगांसारख्या वेण्या. घरी ठेवायला कुणी नाही, ती म्हणाली. नवरा तिरुप्पूरला कामाला जातो म्हणून गेला तो गेलाच.

चौकशी कशी करावी ह्याचं शिक्षण मला मिळालं होतं. त्यातलं एकही वाक्य मी वापरलं नाही. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, गॉगल काढला, आणि एकदम तिची वेणी धरून ओढली.

वेणी आली नाही. बाई आली, मागे.

“ओढा अम्मा,” ती शांतपणे म्हणाली. “आणखी ओढा. मुळापासूनचे आहेत.”

खोलीत कुणी हसलं नाही. त्यामुळे ते जास्त लागलं. मी टोपी नीट करायला म्हणून काढली, आणि ती पहिलीतली मुलगी माझ्या डोक्याकडे टक लावून बघायला लागली.

“आई,” ती म्हणाली, “ह्यांना आपलं तेल दे ना. तिकडे किती बाटल्या आहेत.” आणि टेबलावर ठेवलेल्या मुद्देमालाच्या बाटलीला तिने हात लावला.

“हात लावू नकोस त्याला!” आईने तिचा हात असा खेचला की मुलगी दचकली. पदराने तिची बोटं पुसली, एकेक. मग तिच्या लक्षात आलं की आम्ही बघतोय, आणि ती खाली बघत बसली.

एट्टम्माने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी एट्टम्माकडे. ज्या तेलाने कमरेखाली केस येतात, त्याचा थेंब ही स्वतःच्या मुलीच्या बोटाला राहू देत नव्हती.

त्या दिवशी मला खात्री पटली की ती खोटं बोलते आहे. आणि मला तिचा राग आला. मालकाचा नाही, तिचा. कारण तिच्या त्या फोटोकडे बघून मी बाटली घेतली होती. मालकाच्या तोंडाकडे बघून थोडीच घेतली होती? वरिष्ठांचंही मत तसंच पडलं: शपथ खोटी असेल तर तीही आरोपी, दोघांवर दोषारोपपत्र ठेवा. माझा कच्चा मसुदा तयारही झाला. आरोपी क्रमांक दोनमध्ये तिचं नाव मी फार सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

एट्टम्माने तो वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

“हिला आत टाकलं की मालक म्हणेल, मलाही हिनेच फसवलं. तो वकील करेल, ही करणार नाही. आणि ती मुलगी कुठे जाईल, अम्मा? सरकारी वसतिगृहात?”

“मग काय करू? आरती करू तिची?”

“दोषारोपपत्र जायच्या आत तिने आपणहून खरं सांगितलं, तर साक्षीदार करता येईल. तेवढाच रस्ता आहे.”

“ती सांगत नाही ना.”

“तुम्ही विचारलंत कुठे? ओढलंत फक्त.”

म्हणजे आता असं होतं: तिच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काहीतरी ठोस हवं होतं, आणि ते लवकर हवं होतं. नाहीतर ती बाई मुलीला सोडून गजाआड जाणार होती, माझ्याच सुंदर अक्षरात. लॅबचा अहवाल आला. वनस्पतीचं नाव नाही. खनिज तेल, रंग, वास. मालक म्हणाला, “अहवाल अहवालाच्या जागी, फोटो फोटोच्या जागी.” सगळं त्या दोन फोटोंवर येऊन अडलं.

रविवारी दुपारी मी जेवायला बसले ते पोस्टरची घडी ताटाशेजारी ठेवून. सासूबाई सारभात वाढत होत्या.

“अगे, जेव बेगीन. कागद खायचा नसतो.” मग त्यांनी भिंतीकडे हात केला. “आणि ते बघून आठवलं. माझं गंगावन तू अजून परत दिलं नाहीस.”

भिंतीवर माझा फोटो आहे. आजही आहे. मोठा मुलगा पोटात असतानाचा. आमच्या मराठी घरांत डोहाळजेवण असतं, फुलांचे दागिने घालून. पण तीनशे वर्षं ह्या गावात राहिल्यावर शेजारणीचं वळैकाप्पू कसं सोडणार? गरोदर बाईचे हात काचेच्या बांगड्यांनी भरायचा तो समारंभ. सासूबाईंनी दोन्ही केलं, एकाच दिवशी, कारण आचारी एकदाच बोलवायचा होता. आणि समारंभानंतर स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा तो तंजावूरच्या पद्धतीने: आरशाशेजारी तिरकं बसायचं, म्हणजे पुढून चेहरा दिसतो आणि आरशात पाठीवरची फुलांची वेणी. फोटोत माझी वेणी अशी आहे की बघणारा गप्प होतो. त्यातली वरची वीतभर माझी. उरलेली सासूबाईंची, त्यांच्या लग्नातली.

मी त्या गंगावनाकडे बघणार, तोच माझी नजर त्याच्या बाजूला गेली. गालाला लावलेला माझा हात. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या.

मी पोस्टरची घडी उलगडली. ‘नंतर’च्या फोटोत बाईने हात गालाला लावला होता. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. आणि पोस्टर छातीशीच कापलेलं.

आठवडाभर ते पोस्टर माझ्यासमोर होतं. मी केस बघत होते. गावातली प्रत्येक बाई केसच बघत होती. वकील आणि मंचातले पुरुष कदाचित चेहरा बघत असतील. हाताकडे कुणी बघितलं नव्हतं. कोपरापर्यंत बांगड्या घालून तसा फोटो बाई एकदाच काढते, पोटात मूल असताना. तिचं मूल पहिलीत होतं. आणि तेल बाजारात येऊन दोन पोंगलसुद्धा झाले नव्हते.

‘नंतर’चा फोटो तेलाच्याच आधीचा होता.

सासूबाई म्हणाल्या, “हसतेस काय? सार सांडलंस.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या गावी गेलो. साध्या साड्यांत, गावच्या बसने. जीप दारात उभी राहिली की त्या घराचं पुढच्या दहा वर्षांचं नाव ठरतं, हे एट्टम्माने मला सांगितलं. मला गणवेश हवाच होता. कालव्याच्या कडेला नारळाच्या झापांचं घर. मुलगी शाळेत. तिने आम्हाला चटई टाकली, पाणी दिलं.

मी पोस्टर उलगडून तिच्यापुढे ठेवलं आणि ह्या वेळी हात मांडीवरच ठेवले.

“ह्या बांगड्या कोणी भरल्या तुला?”

तिने बघितलं.

“माझ्या आईने पहिली. मग आत्यांनी.”

“तेव्हा पोटात कोण होतं?”

दाराबाहेर दोरीवर निळा फ्रॉक वाळत होता, तिकडे ती बघत राहिली. मग उठली, पेटी उघडली, आणि दोन फोटो आणून आमच्यापुढे ठेवले. अख्खे. पहिल्यात तीच आरशाशेजारची बाई, आणि पोस्टरमध्ये जे कापलं होतं ते सातव्या महिन्याचं पोट. दुसऱ्यात टक्कल असलेली बाई, आणि तिच्या कडेवर टक्कल असलेलं वर्षाचं मूल. दोघी हसताहेत. पोस्टरसाठी मालकाने तेवढं मूल कापलं होतं.

“जन्मली तेव्हा रडली नाही,” ती म्हणाली. “निळी पडली होती. मी देवीला म्हटलं, हिला ठेव, मी केस देते. वर्षाची झाल्यावर दोघींचं मुंडण केलं. मग नवरा गेला. मालकाने काम दिलं. घरी आला होता, भिंतीवर फोटो बघितले, म्हणाला, दे चार दिवस. पोस्टर लागलं तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, हे उलटं आहे. तो म्हणाला, चेहरा तुझाच आहे ना? मग खोटं काय? मंचात शपथ घेऊन आल्यावर म्हणाला, आता तोंड उघडलंस तर तूच आत जाशील.”

मग ती एकदम माझ्याकडे वळली. “देवीने घेतलेले केस मी रोगाने गेले म्हणून सांगितलं, अम्मा. शपथेवर. आता पोरीला साधी शिंक आली तरी मला वाटतं, देवी विचारते आहे, माझे केस कुठे गेले?”

आता मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, हे तर फारच छान हत्यार हाती आलं. मी तोंड उघडलं, “देवी तर...” आणि एट्टम्माने माझ्या पायावर पाय ठेवला. तिचं वजन कमी नव्हतं.

“देवीचं देवी बघेल,” एट्टम्मा तिला म्हणाली. “तिला पोरं सांभाळायची सवय आहे. तू कोर्टाचं बघ. आज आमच्याबरोबर येऊन हेच सांगितलंस तर तू साक्षीदार. परवा आम्ही सांगितलं तर तू आरोपी. आमच्या हातात एवढंच आहे, जास्त नाही.”

तिने फ्रॉक दोरीवरून काढला, घडी केली, शेजारणीकडे दिला आणि शाळा सुटल्यावर मुलीला घ्यायला सांगितलं. मग चपला घातल्या.

तिचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला. दोन्ही फोटो मुद्देमालात जमा केले. माझा सुंदर अक्षरातला मसुदा मी स्वतः फाडला आणि एका आरोपीचा नवा लिहिला, घाईघाईच्या अक्षरात.

ग्राहक मंचात प्राध्यापिकांचा दावा पुन्हा सुनावणीला आला, तेव्हा मीही तिथे होते. मालकाच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला. म्हणाला, छापखान्याची चूक, साहेब. फोटोंची अदलाबदल झाली.

मंचाचे अध्यक्ष वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी पोस्टर उचलून आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे.

“म्हणजे तेल लावण्याआधी केस होते,” ते म्हणाले, “आणि तेल लावल्यावर टक्कल पडलं. असं तुमच्या अशिलाचं म्हणणं नोंदवून घेऊ?”

प्राध्यापिकांनी डोक्यावरचा पदर काढला.

तेल बाजारातून उठलं, पोस्टरं उतरली, प्राध्यापिकांवरचा दावा कंपनीने मुकाट्याने मागे घेतला. फौजदारी खटला आपल्या चालीने बरीच वर्षं चालला आणि शेवटी मालकाला शिक्षा झाली. थोडी झाली, पण झाली. खोट्या शपथेबद्दल अध्यक्षांनी त्या बाईला उभी करून चांगलं सुनावलं आणि मुलीकडे बघून सोडून दिलं. भातगिरणीतलं काम अर्थातच गेलं. प्राध्यापिकांनी तिला कॉलेजच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लावून घेतलं. त्यांची पहिली अट, पानं ओळखता आली पाहिजेत.

पुढे अशी बरीच प्रकरणं माझ्याकडे आली. गोरं करणारं मलम, मुलांना हुशार करणारी पूड, साखर नसलेला मध. प्रत्येक वेळी मी एकच केलं. विकणाऱ्याने बोट जिथे दाखवलं, तिथे बघायचं नाही. चौकट कुठे कापली आहे ते बघायचं, आणि कापलेल्या तुकड्यात कोण होतं ते विचारायचं. बहुतेक वेळा तिथे एक माणूस निघतो, आणि तो घाबरलेला असतो. त्याला ओढायचं नाही. विचारायचं.

ते दोन फोटो खटला संपल्यावर तिला परत मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधी, मंचाचा निकाल लागून थोडे दिवस झाले असतील, ती मुलीला घेऊन ठाण्यात आली. सकाळची हजेरी नुकती झाली होती. दोघींची डोकी गुळगुळीत, चंदन लावलेली, देवळातून सरळ आलेल्या. देवीचं देणं तिने पुन्हा दिलं होतं, ह्या वेळी साक्षीदारांसमोर. कुंकू आणि प्रसादाचा भात तिने आमच्या टेबलावर ठेवला. मग माझ्यासमोर येऊन वाकली आणि डोकं पुढे केलं.

“ओढा अम्मा,” ती म्हणाली.

पहिल्यांदाच मी तिला हसताना बघत होते. मलाही हसू आलं, आणि काय वाटलं कोण जाणे, मी टोपी काढली. मुलीने माझ्या डोक्याकडे बघितलं, मग आईच्या, मग हात फिरवून स्वतःच्या. तिला माझी दया आली असावी.

“आई, ह्यांना काहीतरी तेल दे ना,” ती म्हणाली. “साधं. आपलं खोबरेल.”

एट्टम्मा स्टेशन डायरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, “अम्मांकडे आहे ना एक बाटली. मुद्देमालात लिहायची राहिली.”